एक्स्पीला नारळ

बँकेत माणूस नोकरीला लागला की त्याच्या दोन तारखा सेवापुस्तकात नोंदवल्या जातात. एक तो लागल्याची आणि दुसरी त्याला नारळ द्यायची. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याने काय दिवे लावले याला त्या पुस्तकात फारशी जागा नसते. साठ पुरी झाली की त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी शाल, श्रीफळ, बटाटेवडा आणि ‘साहेबांची उणीव शाखेला सतत भासेल’ हे वाक्य. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खुर्चीवरची उशी कॅशियरच्या खुर्चीवर असते.

त्यामुळे ‘विंडोज एक्स्पी’ ही संगणकप्रणाली ८ एप्रिल २०१४ रोजी सेवानिवृत्त होणार, असं वर्तमानपत्रांत आलं आणि जगभर धावपळ उडाली, तेव्हा आम्हां बँकवाल्यांना त्यात अघटित काही वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या वयाचं. तिला अवघी साडेबारा वर्षं झाली होती. एवढ्या वयात आमच्याकडे माणूस पहिल्या बढतीसाठी अर्ज करतो आणि तो नामंजूर होतो.

आता ‘संगणकप्रणाली’ हा शब्द आला म्हणून लगेच पान उलटू नका. मी स्वतः बी. कॉम. आहे, म्हणजे आपण एकाच बाकावरचे. प्रणाली म्हणजे संगणकातला हेडक्लार्क, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हुकूम सोडणारे साहेब तुम्ही; पत्र लिहिणारे, बेरजा करणारे, चित्रं दाखवणारे प्रोग्राम म्हणजे आम्ही; आणि कुणी कुठल्या टेबलावर बसायचं, कपाटाची किल्ली कुणाकडे, प्रिंटर आधी कुणाचा, हे ठरवणारा मधला माणूस म्हणजे प्रणाली. साहेब बदलले तर शाखेला चार दिवसांनी कळतं. हेडक्लार्क बदलला तर त्याच दिवशी दुपारी चहासुद्धा वेळेवर येत नाही.

तर ही एक्स्पी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ रोजी. पंचांग काढून पाहिलं तर तो दिवस खंडेनवमीचा निघतो, म्हणजे आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजायचा. आणि ८ एप्रिल २०१४ ला होती रामनवमी. नवमीला आली, नवमीला गेली. अमेरिकेत बसून एवढा योग साधणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीत कुणी दाते-बिते नोकरीला आहेत की काय, अशी शंका येते. पण खरं कारण अगदीच रुक्ष आहे. ही कंपनी २००३ सालापासून आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी वाटते आणि त्या एप्रिलचा दुसरा मंगळवार आठ तारखेला आला, इतकंच. जगातले संगणकवाले त्या दिवशी श्वास रोखून बसले होते म्हणतात. आमच्या शाखेला सुट्टी होती आणि मी सुंठवडा खात होतो.

एक्स्पी म्हटलं की लोकांना आधी आठवते ती पडद्यावरची हिरवीगार टेकडी आणि वरचं निळं आभाळ. आमच्या शाखेत या टेकडीवरून दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, हे पाचगणीचं टेबललँड; दुसऱ्या तटाने कासचं पठार धरून ठेवलं होतं. शिपायाच्या मते ती त्याच्या सासुरवाडीची, पाटण तालुक्यातली. प्रत्यक्षात ती टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातली. चार्ल्स ओ’रिअर नावाच्या छायाचित्रकाराने जानेवारी १९९६ मध्ये रस्त्याकडेला गाडी थांबवून तो फोटो काढला. आणि तो चालला होता कुठे, तर आपल्या मैत्रिणीला भेटायला. (पुढे तिच्याशीच लग्न केलं. टेकडीने त्याचं दोन्हीकडून भलं केलं.) एरवी त्या उतारावर द्राक्षाच्या बागा असायच्या. त्या भागातल्या वेलींना कीड लागली, बागा काढाव्या लागल्या आणि जमीन मोकळी राहिली म्हणून गवत माजलं. म्हणजे जगातल्या कोट्यवधी कारकुनांनी वर्षानुवर्षं ज्या प्रसन्न देखाव्याकडे पाहत रोजचा ताळा जमवला, तो मुळात एका बुडालेल्या पिकाचा फोटो होता. आमच्या कृषिकर्ज विभागाला हे आधी कळलं असतं, तर त्यांनी पडद्यावर दुसरं चित्र लावलं असतं.

मराठी माणसाला एक्स्पीने आणखी एक गोष्ट दिली. ‘मंगल’ नावाचा देवनागरी टंक तिच्याबरोबर येई. पण ती तो मुकाट्याने देत नसे. आत कुठेतरी एका चौकटीत खूण करावी लागे, मग ती मूळ सीडी मागे. सीडी हा घरातल्या नेलकटरसारखा प्रकार. गरज लागते त्या दिवशी सापडत नाही. मग शेजाऱ्याची सीडी, मेव्हण्याची सीडी, रस्त्यावरची तीस रुपयांची सीडी अशी वरात निघे. एवढं करून पडद्यावर ‘श्री’ उमटला की घरात कुणीतरी खरोखरच हात जोडी.

पण एक्स्पी इतकी वर्षं टिकली ती काही तिच्या गुणांमुळेच नव्हे. वारस वेळेवर जन्माला आला नाही, हे मोठं कारण. तिच्या आधी दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती येत असे. एक्स्पीनंतर मात्र ‘व्हिस्टा’ घराघरांत यायला २००७ चा जानेवारी उजाडला. आली ती थाटात, पण बाईंना बसायला ऐसपैस खुर्ची, भरपूर मेमरी आणि नवंकोरं यंत्र लागे. जुन्या यंत्रावर बसवली की ते धापा टाकी. लोकांनी व्हिस्टावाला संगणक विकत घ्यायचा आणि घरी आणून त्यावर एक्स्पी घालायची, असाही काळ आला. तोवर कचेऱ्या, दवाखाने, कारखाने, तिकीटखिडक्या सगळे एक्स्पीभोवती असे बसले होते, जसं जुन्या वाड्यातल्या एका खांबावर सगळं छप्पर बसतं. खांब बदलायचा तर आधी बिऱ्हाडं हलवायला हवीत.

छपराची गोष्ट निघालीच आहे, तर ‘सपोर्ट संपला’ म्हणजे काय तेही सांगून टाकतो, कारण आमच्या शाखेत बऱ्याच जणांची समजूत अशी होती की आठ तारखेच्या रात्री बारा वाजता सगळे पडदे काळे होणार. तसं काही होत नसतं. कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्याआधी कुणीतरी वर चढून घर शाकारतो, फुटकी कौलं बदलतो. कंपनीचा माणूस दर दुसऱ्या मंगळवारी एवढंच करत होता. तो यायचा थांबला म्हणून घर पडत नाही. उन्हाळाभर तर फरकही कळत नाही. पण गंमत पुढेच आहे. शेजारच्या नव्या घरांची बांधणी याच घरावरून उचललेली. त्यांची कौलं दर महिन्याला बदलली जातात आणि कुठलं कौल बदललं ते चोर खालून बघत असतो. त्याला आयतं कळतं की जुन्या घरातही त्याच जागी कौल फुटकं असणार, आणि तिथे आता कुणी चढणार नाही. एक्स्पीला खरा धोका होता तो हा. म्हातारपणाने तिचं फारसं काही बिघडलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या दुरुस्त्यांनी तिचा पत्ता फुटत होता.

हे मी आमच्या अण्णांना समजावून सांगितलं. अण्णा म्हणजे आमचे त्या वेळचे हेडकॅशियर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. अण्णांचं आणि यंत्राचं नातं जुनं. १९८३ साली बँकांच्या संघटना आणि व्यवस्थापनं यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, १९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, आणि मग शाखांतून लेजर-पोस्टिंगची यंत्रं यायला लागली. त्या दिवसांत यंत्र नोकऱ्या खाणार म्हणून मोर्चे निघत. अण्णा तेव्हा ऐन उमेदीत होते आणि मोर्च्यात घोषणा द्यायला पुढे असत. त्यांचा आवाज मोठा होता. कॅशियरचा असावाच लागतो. तेच अण्णा २०१४ साली आपल्या टेबलावरच्या एक्स्पीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “हिला हात लावायचा नाही!”

ज्या माणसाने यंत्र आत येऊ नये म्हणून घसा कोरडा केला, तोच ते बाहेर जाऊ नये म्हणून दारात उभा. हसू येतं खरं. पण मला त्यात विसंगती दिसत नाही. चाळिशी ओलांडल्यावर या माणसाने एका बोटाने टंकायला शिकून, व्हाउचर चुकेल या धास्तीत रात्री अर्धवट झोपून, ती एक गोष्ट साध्य केली होती. खंडेनवमीला तो तिला झेंडू वाहत होता. आता पुन्हा पहिलीच्या वर्गात बसा, असं त्याला सांगायला आलेला पोरगा चोवीस वर्षांचा होता आणि च्युइंगम खात होता.

पोरगा एका दुपारी आला आणि संध्याकाळपर्यंत शाखेचे सगळे संगणक ‘विंडोज ७’ चे करून गेला. दुसऱ्या दिवशी महिन्याची पहिली तारीख, म्हणजे पेन्शनर मंडळींचा दिवस. रांग दारापर्यंत गेलेली. आणि पासबुक छापायचा प्रिंटर नव्या प्रणालीला ओळख देईना. तो बिचारा एक्स्पीच्या काळचा. त्याची भाषा नव्या हेडक्लार्कला येत नव्हती आणि ती शिकवणारा ड्रायव्हर प्रिंटरवाल्यांनी काढायचाच सोडून दिला होता. हे लक्षात घ्या, कारण जगभरच्या हजारो कचेऱ्यांत एक्स्पी अडकून पडली ती अशाच कुठल्या तरी प्रिंटरपायी. दवाखान्यात हाडांचे फोटो काढणारं लाखो रुपयांचं यंत्र असतं, कारखान्यात पत्रा कापणारं असतं. ते उत्तम चालतं, अजून वीस वर्षं चालेल. पण त्याच्या पोटातली प्रणाली जुनी. ती बदलायची तर सबंध यंत्र बदला. बायकोने पडदे बदलायला काढले आणि भिंती पाडाव्या लागल्या, त्यातली गत.

रांगेत सगळ्यांत पुढे एक आजोबा होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले.

“जुन्या यंत्रावर काय वाईट चाललं होतं?” त्यांनी विचारलं.

“आजोबा, त्याला आता कंपनीचा आधार राहिला नाही.”

“मला तरी कुठे आहे? चालतोयच ना!”

यावर मुख्य कार्यालयाच्या परिपत्रकात उत्तर नव्हतं. अण्णांनी मात्र शाईचं पेन काढलं, आजोबांच्या पासबुकात जुन्या वळणदार अक्षरात पेन्शनची नोंद केली आणि खाली सही ठोकली. आजोबा खूश. पुढचे चार दिवस लोक छापील नको, अण्णांच्या हातची नोंद द्या म्हणून मागे लागले.

आम्ही निदान बदललं तरी. मोठमोठी सरकारं नुसती पैसे मोजून वेळ काढत होती. ब्रिटिश सरकारने एक्स्पीची एक वर्षाची जादा देखभाल मिळावी म्हणून २०१४ साली मायक्रोसॉफ्टला ५५ लाख पौंड मोजले. अमेरिकेच्या नौदलाने २०१५ साली ९१ लाख डॉलरचा करार केला. ज्या आरमाराचा साता समुद्रांत दरारा, त्याला हेडक्लार्कची एक्स्टेन्शन मागायला लागावी! आणि कंपनीही मोठी मायाळू. निरोपसमारंभाला महिना व्हायच्या आत, १ मे २०१४ ला, एक मोठं भोक सापडलं म्हणून तिने एक्स्पीलाही फुकट ठिगळ लावून दिलं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात ना? इथे म्हातारी मरेना आणि गिऱ्हाईक सोकावलं. ‘बघा, देतात शेवटी!’ असं म्हणून कितीतरी जण पुन्हा स्वस्थ बसले.

काळ खरोखर आला तो १२ मे २०१७ ला, शुक्रवारी. ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा दीडशेच्या वर देशांतल्या संगणकांत शिरला, फायलींना कुलपं घातली आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागू लागला. सगळ्यांत वाईट हाल इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांचे झाले. २३६ पैकी ८० ट्रस्टच्या कामात खीळ पडली, सुमारे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या असा पुढे अंदाज निघाला, आणि काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसऱ्या दवाखान्यांकडे वळवाव्या लागल्या. ज्याला त्या शुक्रवारी शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवला होता, त्याला प्रणालीची आवृत्ती कितवी याच्याशी काय देणंघेणं?

सगळी दुनिया म्हणाली, बघा, एक्स्पी भोवली. नंतर चौकशी झाली तेव्हा निघालं भलतंच. बळी पडलेले बहुतेक संगणक ‘विंडोज ७’ चे होते, म्हणजे तेव्हा नोकरीत असलेले, कंपनीचा आधार असलेले! त्या भोकाचं ठिगळ कंपनीने १४ मार्चलाच वाटलं होतं. दोन महिने कुणी ते लावलंच नव्हतं. शाकारायला माणूस येऊन दारात उभा, आणि घरवाले म्हणतात, ‘आज पाहुणे आहेत, पुढच्या महिन्यात या.’ उलट एक्स्पीवर हा किडा शिरला की ती घाबरून निळी पडे आणि कोसळून पुन्हा सुरू होई, असं तपासणाऱ्यांना आढळलं. म्हातारी इतकी अशक्त, की चोराला तिच्या घरात धड चोरीही करता येईना. कंपनीने १३ मे रोजी तिच्यासाठी पुन्हा एकदा फुकट ठिगळ दिलं. किड्याचा फैलाव थांबवला तो मार्कस हचिन्स नावाच्या बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने. किड्याच्या पोटात एका इंटरनेट-पत्त्याचं नाव होतं. ते त्याने दहा-अकरा डॉलर भरून आपल्या नावावर नोंदवलं आणि किडा गप्प झाला. त्याच्या आधी अशी किफायतशीर गुंतवणूक मी तरी पाहिलेली नाही.

आपल्याकडे प्रश्न होता एटीएमचा. एटीएम म्हणजे तिजोरीवर बसवलेला साधा संगणक, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आधीच्या काळात जगभरच्या एटीएममध्ये आयबीएमची ‘ओएस/२’ प्रणाली असे. तिची नेहमीची देखभाल २००६ च्या अखेरीस संपली, म्हणून बँकांनी मोठ्या खटाटोपाने एक्स्पी आणली, आणि सात-आठ वर्षांत एक्स्पीच गेली. भाड्याच्या घरात नवीन रंग लावून झाला आणि मालकाने नोटीस दिली. रिझर्व्ह बँकेने १७ एप्रिल २०१७ ला या जुन्या प्रणालींबद्दल बँकांना बजावलं. बँकांची चाल पाहून २१ जून २०१८ ला तिने दुसरं परिपत्रक काढलं आणि चक्क हप्ते बांधून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के एटीएम, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सगळी. आयुष्यभर दुसऱ्यांना हप्ते बांधून देणाऱ्यांना कुणीतरी हप्ते बांधून दिलेले पाहून अण्णांना (ते तेव्हा निवृत्त झाले होते) इतका आनंद झाला की, त्यांनी ते कात्रण मला मुद्दाम आणून दाखवलं. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, एटीएम चालवणाऱ्यांच्या संघटनेने सांगितलं की हा सगळा खर्च परवडणारा नाही, देशातल्या २ लाख ३८ हजार एटीएमपैकी निम्मी बंद करावी लागतील. तशी ती बंद पडली नाहीत. पण खर्च खरा होता आणि तो शेवटी कुठून वसूल झाला, हे आपण आपल्या पासबुकातल्या बारीक बारीक वजावटी वाचून ओळखावं.

आमच्या शाखेत आलेल्या ‘विंडोज ७’ लाही १४ जानेवारी २०२० ला, भोगीच्या दिवशी, नारळ मिळाला. मग ‘१०’ आली होतीच. ती बाजारात आली २०१५ साली, आणि त्याच वर्षी कंपनीच्या एका माणसाने भरसभेत सांगितलं होतं की ही विंडोजची शेवटची आवृत्ती. शेवटचा सेल म्हणून पाटी लावणाऱ्या दुकानदारावर आपण जितका विश्वास ठेवतो तितकाच मी त्याच्यावर ठेवला. २०२१ साली ‘११’ आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या तोंडावर, दहावीची पाळी भरली.

या वेळी गोष्ट आमच्या घरात आली. आमच्या घरचा संगणक २०१७ चा, चाळीस हजारांचा, एकही दिवस आजारी न पडलेला. पण अकरावीला प्रवेश हवा तर आत सुरक्षेची एक ठरावीक चिप हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. आमचा यादीत नव्हता. चिरंजीव म्हणाले, नवा घेऊ. सौभाग्यवतींचं म्हणणं, आपला फ्रिज २००८ चा आहे, तो मेला म्हणून सांगायला अजून कुणी आलेलं नाही. चिरंजीवांनी मग शोधून काढलं की तीस डॉलर भरले, किंवा आपली मांडणी कंपनीच्या ढगात जमा करायला कबूल झालो, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. नौदलाला जे ९१ लाखांत पडलं ते आम्हांला फुकटात मिळत होतं. आम्ही ढग पत्करला.

तरी मी कागद घेऊन बसलो. आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के घसारा, घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने. चाळीस हजारांचे आठ वर्षांत राहतात ६७२ रुपये. या पद्धतीची मौज अशी की शिल्लक कधीच शून्य होत नाही. वहीत वस्तू मरत नाही, नुसती बारीक होत जाते. रविवारी रद्दीवाला आला तेव्हा सहज म्हणून त्याला यंत्र दाखवलं. त्याने ते उचलून पाहिलं, हलवून पाहिलं आणि म्हणाला, “पावणेसातशे.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा ताळा एका फटक्यात असा कधी जमला नव्हता. फरक फक्त तीन रुपयांचा. मी त्याला पुढच्या वर्षी नवरात्रात ये म्हणून सांगितलं.